किलोला अकरा ग्रॅम कमी

३ डिसेंबर

धाकट्या,

नावाच्या खालची एक ओळ मी मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहितात ते मला माहीत आहे. पण अठरा वर्षांनी पहिल्याच पत्रात ते लिहायला हात तयार नाही. हे पत्र समेटाचं नाही. मला एक माहिती हवी आहे आणि ती जगात फक्त तुझ्याकडे आहे.

तू दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणालास, "दादा, बाबांचं किलो हलकं आहे." ते पितळेचं वजन तू तुझ्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तोललं होतंस, एवढं मला आठवतं. समोरच्या पारड्यात काय ठेवलं होतंस? आणि कमी भरलं ते नक्की किती? मी तेव्हा विचारलं नाही. मी तेव्हा काय केलं ते तुझ्या गालाला ठाऊक आहे.

फक्त आकडा कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

कशासाठी हवं ते सांगतो, नाहीतर म्हणशील दादाचं डोकं फिरलं. तुमच्या बंदरावर लढाईची झळ नाही, दुकानं उघडी आहेत असं ऐकतो. इकडे पैशाने काही मिळत नाही. भाव वाढले असं मी म्हणत नाहीये. पैसा पुढे केला की समोरचा माणूस असं बघतो, की जणू आपण त्याला वाळलेलं पान देतोय. तुला हे पत्र कशावर आलंय बघ. मागच्या बाजूला किराणा दुकानाचं दोन वर्षांपूर्वीचं भावपत्रक आहे. साखरेचा भाव वाच आणि हस.

आता सगळं अदलाबदलीवर चालतं आणि मला त्यात सगळ्यात नवल वाटतं ते हे, की दर कोणी ठरवत नाही, तरी तो ठरतो. आपल्या गल्लीत एका अंड्याला दोन मेणबत्त्या. नदीकडच्या गल्लीत एका अंड्याला तीन. मी मुद्दाम चालत जाऊन पाहिलं, कारण काय? तर तिकडे कोंबड्या कमी आहेत असं सगळे म्हणतात. चूक. कोंबड्या तेवढ्याच आहेत, तिकडे मेणबत्त्या बनवणारा राहतो. दाताचा डॉक्टर दाढ काढायचे तीन बटाटे घेतो. मी म्हटलं, जास्त होतात. तो म्हणाला, "ज्याची दाढ दुखते त्याच्याकडे बटाटे शिल्लकच असतात." मला हे पटलं.

आणि या सगळ्यात तराजूशिवाय कोणाचं पान हलत नाही. तू शिकलास, मी पाचवीतून उठून बाबांच्या दुकानात बसलो. पण आज पन्नास घरं माझ्या दारात रांग लावतात. लष्कराने लोखंड-पितळ गोळा केलं तेव्हा सगळ्यांची वजनं गेली. वॉर्ड ऑफिसने माझं एक किलो ठेवू दिलं, कारण आठवड्याचं पीठ मी वाटावं असं ठरलं. गोदामातून दोन पोती येतात, प्रत्येकी पन्नास किलो. घराला दोन किलो. पन्नास घरं. पीठ संपलं पाहिजे.

ते संपत नाही. इथेच माझा प्रश्न आहे. दर आठवड्याला तळाशी किलोभर उरतं. पोती ओढून आणणारा गाडीवाला सांगतो, की इतर सगळ्या गल्ल्यांत तूट येते, कारण पीठ उडतं, सांडतं, पारड्याला चिकटतं. आपल्याकडे उरतं. पहिले दोन महिने मी ते माझ्या हाताच्या सफाईवर खपवलं. मग गोदामाचा काटा बिघडला असेल म्हणून गाडीवाल्यामार्फत चौकशी केली. तो बरोबर आहे. मग पीठ ओल धरतं का ते पाहिलं. पीठ कोरडं आहे.

उरलेलं तोलणाऱ्याचं, असा रिवाज पहिल्या आठवड्यातच पडला. कोणी हरकत घेतली नाही.

तुझी वहिनी बरी आहे. खोकला आहे, पण थंडीच तशी आहे.

आकडा कळव.

दादा


२९ डिसेंबर

धाकट्या,

तुझी मनीऑर्डर पोचली. पोस्टमन ती देताना लाजला. खरं सांगतो, तीस वर्षं त्याने या गल्लीत मनीऑर्डरी वाटल्या, दर वेळी पायरीवर बसून चहा प्यायला, दर वेळी वाटायचं हाच पैसे देतोय. या खेपेला दारातूनच म्हणाला, "घ्या, रागावू नका. नोटा संपल्या, सगळी नाण्यांतच आली आहेत. एवढं ओझं आणलंय म्हणून तरी घ्या."

"तुम्हाला काय द्यायचं?" मी विचारलं.

"यातलं काही नको हां. काडेपेटी असली तर बघा."

माझ्याकडे आठ काड्या होत्या, चार दिल्या. तो खूश झाला. तू पाठवलेल्या रकमेत आज इथे तेवढ्याच काड्या मिळाल्या असत्या. हे मी तुला हिणवायला लिहीत नाही. तुला कळावं म्हणून लिहितो.

पण तुला कल्पना नाही, की तू मला काय पाठवलंस. दहाच्या नाण्यांची शंभराची पिशवी, टांकसाळीच्या शिक्क्याची, दोरा न तुटलेली. माझ्याकडे कोष्टकांचं ते फाटकं पुस्तक आहे ना, ज्याच्यावरून मी सगळं शिकलो, त्यात लिहिलंय: दहाचं नाणं, वजन दहा ग्रॅम. म्हणजे शंभर नाणी एक किलो. बाजारात हात लागलेली नाणी झिजतात, म्हणून मी नाण्यांवर कधी भरवसा ठेवला नव्हता. ही मात्र कोरी. विकत घ्यायला निरुपयोगी, तोलायला त्याच्याहून चांगलं काही नाही.

दुपारी दार लावून घेतलं. डाव्या पारड्यात बाबांचं किलो, उजव्या पारड्यात तुझी शंभर नाणी, पिशवी काढून.

नाण्यांचं पारडं खाली गेलं.

पारडी अदलाबदल केली. तेच. दांडी तपासली, रिकामा तराजू तपासला, केसाइतका फरक नाही. नाणी मोजली, शंभरच. मग किलोच्या बाजूला खिशातली सुटी नाणी टाकत गेलो. एक दहाचं आणि एक ते हलकं पांढरं, एक ग्रॅमचं. काटा सरळ.

अकरा ग्रॅम कमी.

आता तुझ्या फॉर्मच्या तळाशी तू लिहिलेल्या दोन ओळींकडे येतो. "तेव्हा पाच ग्रॅम कमी होतं. शंकाच नको, दोनदा पाहिलं. अजून घासतोस का?"

पहिली ओळ मी विचारली होती, ती कळली. दुसरी कळली नाही. घासतो. दर शनिवारी, विटेच्या भुकटीने. का घासू नये? लिंबू मिळत नाही तर थोडं जास्त घासतो. बाबांच्या हाताखाली आलो त्या दिवसापासून ते माझं काम आहे आणि वजनमापाचे इन्स्पेक्टर दुकानात आले की त्याच्यात तोंड पाहून मिशा नीट करायचे. "याचं काय तपासायचं," म्हणायचे आणि शिक्का मारायचे. तुझ्या काट्याला एवढा मान कोणी दिला असेल तर सांग.

पण माझं लक्ष त्यात नाही. मी दोन दिवस एकच गोष्ट मनातून काढू बघतोय. बाबांनी ते मुद्दाम हलकं केलं असेल का? आपण लहान असताना तो दुष्काळाचा काळ होता, बाबा तेव्हाही धान्य तोलायचे, आणि आपण दोघं कधी उपाशी झोपलो नाही. तुला आठवतं ना, की आईला विचारलं की ती विषय बदलायची? मी तुला ज्या वाक्यासाठी मारलं ते वाक्य मीच आज पारड्यापुढे बसून म्हणतोय.

वहिनीला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "दुपारी दार लावून नाणी मोजत बसलात. कंजूष झालात की श्रीमंत?"

दादा


२ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या दुसऱ्या ओळीचा अर्थ मला काल लागला. शिकलेल्या माणसाने थोडी फोड करून लिहायला हरकत नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी पाच ग्रॅम. आज अकरा. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या सहा ग्रॅमांशी त्यांचा काय संबंध? मेलेला माणूस कानस चालवत नाही. मग त्यांच्यामागे किलोला हात कोण लावतं? मी. फक्त मी. तुझ्या वहिनीलाही मी ते उचलू देत नाही.

घासायचं फडकं आणलं. ते हिरवट काळं असतं, मी त्याला मळ समजत होतो. मळ दर शनिवारी निघतो म्हणून मी दर शनिवारी खूश. ते पितळ होतं रे. किलोच्या अंगावर बाबांनी कोरून घेतलेला आकडा आठवतो? त्या खाचेत नख अडकायचं. काल बोट फिरवलं तर नुसतं थंड लागलं, आकडा डोळ्यांना दिसतो पण बोटाला लागत नाही. छत्तीस वर्षांचे शनिवार. गणित केलं, एका खेपेला सहा-सात मिलिग्रॅम. चिमटीतलं मीठसुद्धा त्याच्यापेक्षा जड.

बाबांची मी मनातल्या मनात माफी मागितली. तुझी पत्रातून मागायची म्हणजे आधी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी पहिल्या पत्रात झाकली.

उरलेलं पीठ आम्ही खाल्लं. एकवीस आठवडे. उरतं कुठून हे मला कळत नव्हतं ते खरं, पण मी फार खोलात जात नव्हतो हेही खरं. मला कुतूहल होतं, पण पीठ डब्यात पडल्यावर होतं. वहिनीचा खोकला साधा नाही. डॉक्टर म्हणतो अंगात काही नाही, खायला द्या. तो किलो तिच्या वाट्याचा होता. दिवसातून तिसऱ्यांदा तिच्यासाठी ते पाण्यात शिजायचं आणि ती म्हणायची, "तुमच्या हाताला बरकत आहे." मी मान डोलवायचो.

घराला दोन किलोमागे बावीस ग्रॅम कमी गेलं. एकवीस आठवड्यांत घरटी चारशे बासष्ट. समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींकडे पाच माणसं आहेत, दोन अगदी लहान. पीठ देताना मी त्यांना सांगायचो, "काटा बघून घ्या मावशी, मागून तक्रार नको." त्या बघायच्या. काटा सरळच असायचा.

आज वहिनीला सगळं सांगितलं. ती शिवत होती, सुई थांबली नाही.

"म्हणजे आता सांगणार रांगेत."

"सांगावं लागेल."

"उरणार नाही मग काही."

"नाही. उलट उडतं-सांडतं ते शेवटच्याला कमी पडेल. शेवटचे आपण असतो."

तिने दोरा तोडला. "मग आज तरी पोटभर खाऊन घेऊ."

खाल्लं. आणि काय सांगू, चांगलं लागलं.

या आठवड्याची पोती येणार नाहीत असं गाडीवाला सांगून गेला, तेव्हा पुढचं तोलणं दहा तारखेला आहे. न सांगता नुसती दोन नाणी किलोला लावून टाकता येतील. कोणाला कळणार नाही. आठ दिवस आहेत माझ्याकडे. तुला हे लिहिलं म्हणजे आता तीही सोय उरली नाही, हे मला कळतं. म्हणूनच लिहिलं असावं.

दादा


११ जानेवारी

धाकट्या,

सांगितलं.

रांग लागल्यावर मी स्टुलावर उभा राहिलो. तुला माहीत आहे, मला भाषण येत नाही, म्हणून मी करून दाखवलं. एका पारड्यात किलो, दुसऱ्यात शंभर नाणी. नाणी खाली. आकडे सांगितले: किलोमागे अकरा, घरामागे चारशे बासष्ट. कुठे गेलं तेही सांगितलं. घासण्याचं सांगितलं तेव्हा मागे कोणीतरी हसलं. ते हसू मला शिवीपेक्षा लागलं, पण ते असू दे.

मग इस्त्रीवाल्या मावशी पुढे आल्या.

"म्हणजे तू आमचं खाल्लंस."

"हो."

"जाणूनबुजून नाही."

"आधी नाही. मागाहून मी विचारायचं टाळलं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अंगाला काही लागलेलं दिसत नाही."

"हिच्या अंगाला लागावं म्हणून होतं."

त्यांनी दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं. "तिच्याही नाही लागलं," म्हणाल्या.

मी पैसे द्यायला काढले. माझ्याजवळचे सगळे, तुझी पिशवी सोडून. पेन्शनर मास्तर म्हणाले, "ठेवा, ठेवा. शेगडी पेटवायला नोटा आमच्याही घरी आहेत." या खेपेला सगळे हसले आणि मलाही थोडं बरं वाटलं. मास्तरांनी मग मुद्द्याला हात घातला. तोलणारा बदलायचा. कोणी? तराजू माझ्याकडे. गाडीवाला म्हणाला, शेजारच्या गल्लीतला माणूस भाड्याने आणू, पाव किलो घेईल. तो तर हात ओला करून तोलतो, असं तीन जणी एकदम म्हणाल्या. तासभर हे चाललं. पीठ तसंच, थंडी तशीच, आणि मी मध्ये उभा, माझ्याच दुकानात पाहुण्यासारखा.

शेवटी जे ठरलं ते मावशींनी ठरवलं. किलो माझ्याकडे राहील. त्याला लागणारी दोन नाणी, दहाचं आणि एकचं, मावशींकडे, त्यांच्या रुमालाच्या गाठीत. त्या आल्याशिवाय तोलणं नाही आणि मी उघडल्याशिवाय त्यांची नाणी कामाची नाहीत. मी म्हटलं, तारेने कायमची बांधून देतो. त्या म्हणाल्या, "नको. तू बांधलेलं मग तू घासशील."

दुसरी गोष्ट. दर आठवड्याला माझ्या दोन किलोंतून अर्धा किलो एका घराला परत. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांच्यापासून सुरुवात. अर्धा किलो म्हणजे चारशे बासष्टपेक्षा अडतीस ग्रॅम जास्त होतात हे मी निदर्शनाला आणलं. मावशी म्हणाल्या, "ते स्टुलावर उभं राहिल्याबद्दल."

"एकोणपन्नास आठवडे लागतील," मास्तर म्हणाले. "तोवर लढाई संपली तर?"

"संपली तर साखरेत देईल," मावशी म्हणाल्या.

मग आम्ही तोललं. दोन नाणी किलोच्या डोक्यावर. पैसा पिठाच्या पासंगालाही पुरत नाही असं मीच सहा महिने म्हणत होतो, आणि काल तो नेमका तेवढाच पुरला. शेवटचे आम्ही होतो. आम्हाला दोन किलोला सत्तर ग्रॅम कमी आलं, म्हणजे इतर गल्ल्यांसारखंच. त्यातून अर्धा किलो मावशींना दिलं, पहिला नंबर त्यांचाच. पहिल्यांदा या दुकानातलं तोलणं बरोबर झालं.

तू विचारशील म्हणून सांगतो, वहिनी बरी आहे. तिला हल्ली भूकच लागत नाही म्हणते. ताटातलं माझ्याकडे सरकवते. मी परत सरकवतो. असा आमचा वेळ जातो.

तुझे पैसे परत पाठवणार होतो, पण मनीऑर्डरचा फॉर्म मिळवायला एक अंडं लागतं. शंभरातली नव्व्याण्णव नाणी पिशवीत आहेत, एक मावशींकडे.

दादा


६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पार्सल काल आलं. पोस्टमनने ते दोन्ही हात लांब करून धरलं होतं, मुलं पतंग धरतात तसं. पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "हे असलं काय मागवता तुम्ही? गोदामात रात्रभर होतं, कोणी जवळ फिरकलं नाही. बाकीची सगळी पार्सलं फुटली."

डब्याच्या चारी बाजूंना लाल अक्षरांत 'विष', खाली कवटी, आणि तुझ्या दुकानाचा शिक्का.

वहिनीने ते वाचलं. "भावजींनी शेवटी मनातलं पाठवलं," म्हणाली.

झाकण मी उघडलं. ती मागे उभी राहून ओरडत होती, की तोंडाला फडकं बांधा. आतल्या कागदावर तुझं अक्षर: "दूध पावडर. निव्वळ १ किलो. रिकामा डबा २१२ ग्रॅम. वहिनीसाठी. तिला भूक लागत नाही असं कोणी लिहिलं तर आम्ही दुकानात त्याला खोटं समजतो."

अठरा वर्षांत एवढं लांब वाक्य तू मला लिहिलं नव्हतंस.

आता तुला वाटेल दादाने लगेच दूध केलं. नाही. मी आधी तोललं. मावशींना हाक मारली, त्या हातात इस्त्री घेऊनच आल्या. कागद पसरून पावडर पारड्यात घेतली, डब्याच्या कडेला लागलेली पिसाने काढून घेतली. समोर बाबांचं किलो, एकटं. पावडरीचं पारडं खाली गेलं. मावशींनी रुमालाची गाठ सोडली. दहाचं ठेवलं. काटा जवळ आला. एकचं ठेवलं.

काटा सरळ उभा राहिला आणि हलला नाही. मी श्वास सोडला तेव्हा जरा थरथरला, तेवढंच.

पारडी बदलून पुन्हा केलं. मग पुन्हा. मी ते पाच वेळा केलं. तुला हसू येईल, पण मला काय बघायचं होतं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार? तिकडे बंदरावर तुझा काटा, इकडे माझा तराजू, मध्ये अठरा वर्षं आणि एक लढाई, आणि दोघांत ग्रॅमचाही फरक नाही. तुझा काटा बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होता. माझा हात तेव्हा उठायला नको होता.

पाचव्या खेपेला वहिनी म्हणाली, "मोजून झालं असेल तर आता प्यायला द्या."

ती प्यायली. एक पेला मावशींच्या धाकट्या दोघांना गेला. ते तिनेच दिलं, मला न विचारता. मावशी म्हणाल्या, "हे आमच्या चारशे बासष्टात धरायचं नाही हां." रात्री खोकला कमी होता. लगेच काही म्हणायला नको, मी एका मापावर निष्कर्ष काढत नाही. आणखी आठ दिवस बघून कळवीन.

किलो मी आता घासत नाही. ते काळं पडायला लागलंय, मुठीजवळ तांबूस डाग आलेत, आणि मला ते बघवत नाही. शनिवारी हात शिवशिवतो. मग मी बाहेर जाऊन अंड्याला किती मेणबत्त्या चालल्यात ते विचारून येतो. परवापासून चार झाल्यात. मेणबत्तीवाल्याकडे सून आलीय आणि तिने कोंबड्या आणल्यात, तर अंडी स्वस्त व्हायला हवी होती. झाली उलट. अजून उलगडा झालेला नाही. तुला काही सुचलं तर लिही.

नाणी मी तशीच ठेवली आहेत. तू कधी आलास तर तुझ्या काट्यावर ती एकदा तोलायची आहेत. टांकसाळीवरसुद्धा किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच आहे. काटा घेऊनच ये. वहिनी म्हणते काटा नसला तरी ये.

एक राहिलं. माझं पहिलं पत्र तू फेकलं नसशील, तू कागद फेकणाऱ्यातला नाहीस. ते काढ. तुझ्या नावाच्या खाली एक ओळ मोकळी आहे. तिथे माझ्या वतीने, तुझ्या चांगल्या अक्षरात लिहून घे: अनेक उत्तम आशीर्वाद.

दादा